म्हातारा गेला

मंगळवार, १३ मे

म्हातारा आज गेला. म्हातारा म्हणजे आमचा बसून चालवायचा मोअर, गवत कापायचं यंत्र. नाव बाबांनीच ठेवलेलं. दोन आठवडे खोकत होता. आज संध्याकाळी बाबांनी किल्ली फिरवली, त्याने निळा धूर सोडला, जरा थरथरला आणि विहिरीपाशी थांबला तो थांबलाच. बाबांनी बॉनेट उघडून सगळे उपाय केले. शेवटी पुन्हा सीटवर जाऊन नुसते बसले. आई म्हणाली, "डेन्झिल, आत ये. मेलंय ते." बाबा म्हणाले, "बसू दे गं थोडा वेळ."

मी शाळेत जायला लागायच्या आधीपासून तो आमच्याकडे होता. बेथेल रिजच्या या रस्त्यावर कुणाच्या घरी मयत झालं की बाबा म्हाताऱ्यावर बसून निघायचे आणि पाहुणे यायच्या आत त्या घराचं गवत कापून परत यायचे. विचारायचं नाही, बोलायचं नाही. आजी वारली तेव्हा आमच्या आवारातही रस्त्यावरचे सगळे पुरुष असेच आले होते.

आता नवा घ्यायचा. जेवताना आई म्हणाली, "लॅनी ठरवेल. शिकलीय ती." बाबांनी मान डोलावली. मी कॉलेजात इतिहास शिकले. आमच्या घरात कॉलेजचं दार पाहिलेली मी एकटीच, म्हणून विम्याच्या कागदांपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मला काही कळत नाही, हे सांगायचं धाडस आजवर झालेलं नाही.

गुरुवार, १५ मे

दोन दिवस ग्रंथालयात, म्हणजे माझ्याच कामाच्या टेबलापाशी, लोकांनी मोअरबद्दल लिहिलेलं वाचत बसले. कामाच्या वेळात खासगी वाचन केलं म्हणून उद्या जेवणाच्या सुट्टीत काम करून भरपाई करीन. जितकं वाचलं तितकं ठरवणं अवघड झालं. एक जण म्हणतो याच्यासारखं यंत्र नाही. दुसरा त्याच यंत्राला शिव्या घालतो.

संध्याकाळी बाबांना घेऊन रँडलच्या मोअरच्या दुकानात गेले. रँडलने विचारलं, "उतार किती आहे? झाडं किती? गवत कुठलं?" झाडांचं सांगितलं. उताराला "मध्यम" म्हणाले, कारण "मध्यम" कधी फार चुकत नाही.

त्याने दोन दाखवले. एक नेहमीसारखा, मोटारीसारखं चाक असलेला. दुसरा दोन दांड्यांचा. दोन्ही हातांनी दांडे पुढेमागे केले की जागच्या जागी गिरकी घेतो. झाडं असतील तर हाच, असं मी वाचलं होतं. मी तसं बोलले, तर रँडल म्हणाला, "वा! अभ्यास करून आलीय." मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

बाबा टोपी हातात धरून उभे होते. मध्येच चाकवाल्यावर जाऊन बसले, चाकावरून हात फिरवला आणि उतरले. दमले असावेत. त्यांना विचारावंसं वाटलं होतं. पण रँडलसमोर विचारलं असतं, तर मला कळत नाही हे उघडं पडलं असतं.

रँडलने दांड्यांचा मोअर सोमवारपर्यंत वापरून बघायला दिलाय.

शनिवार, १७ मे

सकाळी आमचं आवार कापलं. पहिल्या वळणालाच आईच्या गुलाबाच्या वाफ्यात घुसले. आई खिडकीतून ओरडली, "गवत कापायचंय, लॅनी, गुलाब नाही!" पण नंतर हात बसला. सफरचंदाच्या झाडाभोवती गिरकी घेतली, एक काडी राहिली नाही.

बाबांना म्हटलं, बसा एकदा. म्हणाले, "तूच बघ, पोरी. तुला कळतं."

आमच्याकडे खरा उतार नाहीच. शेजारी मिस्टर एस्टिल स्टॅम्पर यांचं आवार मात्र मागे ओढ्याकडे चांगलंच उतरतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते शहरातल्या पुनर्वसन केंद्रात आहेत, आणि गवत गुडघाभर वाढलंय. एकटा माणूस, करणार कोण? म्हटलं, उतारही तपासून होईल आणि त्यांचं कामही होईल. विचारायला हवं होतं का, हा प्रश्न मनात आला होता. पण चांगलं काम करायला काय विचारायचं, असं म्हणून मी त्याला गप्प केलं.

उतारावर यंत्र सरकलं, एकदा चांगलंच. वळताना गवताची साल निघून दोन ठिकाणी तपकिरी चकत्या पडल्या. बाकी सगळं सुरेख झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. एका ट्रकवाल्याने तर टोपी काढून छातीशी धरली. मोअरवर मुलगी दिसली की लोक अजून असे वागतात! मी हात हलवला. त्याने हलवला नाही.

रविवार, १८ मे

चर्चमध्ये आज मिस नोव्हा जीन मुद्दाम माझ्यापाशी आल्या. आई लहान मुलांच्या वर्गावर होती आणि बाबा चर्चला येतच नाहीत, म्हणून मी एकटीच होते. मिस नोव्हांनी माझे दोन्ही हात धरले.

"लॅनी, बाळ, काल तुला मोअरवर पाहिलं. म्हणजे म्हातारा गेला?"

बाबा सगळ्या गावाला म्हाताऱ्याच्या गोष्टी सांगतात, हे मला माहीत आहे. पण इतकी आपुलकी!

"हो मिस नोव्हा. मंगळवारी."

"फार हाल झाले का गं?"

"दोन आठवडे खोकत होता. मग एकदम बंद पडला. बाबांनी खूप प्रयत्न केले."

"डेन्झिल जवळ होता?"

"शेवटपर्यंत. बाबा तर नंतरही उठेनात."

मिस नोव्हांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "एकटा नाही गेला हेच खूप. लोक काही म्हणोत, कुरकुर फार करायचा, पण मनाने वाईट नव्हता."

"कधीच नाही," मी म्हटलं. "थंडीत जरा त्रास द्यायचा, एवढंच."

"ज्याला कळवायला हवं त्याला मी कळवते. तू काळजी करू नकोस."

कुणाचा तरी जुना मोअर विकायचा असेल आणि त्या त्याला कळवणार असतील. चांगली बाई आहे.

सोमवार, १९ मे

आज लाज वाटण्यासारखं झालं.

सोमवारी ग्रंथालय बंद असतं, मी घरी एकटी होते. दुपारी मिस नोव्हा आल्या. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं आणि एक ॲपल पाय माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "डेन्झिलला सांग, शेजारधर्म केलास, देव बघतो." मागोमाग चर्चमधल्या दोघी आल्या, कोंबडीचा रस्सा आणि उकडीचे गोळे घेऊन. कुणी बसलं नाही. हळू आवाजात बोलल्या, माझ्या दंडावरून हात फिरवला आणि गेल्या.

मोअर बंद पडला म्हणून जेवण? म्हणजे आम्हाला नवा घेणं जमणार नाही, असं गावाला वाटतंय. मी सगळ्यांदेखत रँडलचा मोअर उसना आणून फिरवला, त्यामुळेच हे झालं. बाबांनी जन्मात कुणाचं फुकट खाल्लेलं नाही. त्यांना कळलं तर ते पुन्हा रस्त्यावर तोंड दाखवणार नाहीत.

बटाटे आणि रस्सा मागच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये मक्याच्या पिशव्यांखाली लपवला. ॲपल पाय आईला दिसला. म्हटलं, चर्चच्या विक्रीत घेतला. आई म्हणाली, "छान आहे. वरची पारी मात्र नोव्हाच्या हातची वाटते." मी खोटं बोलले. बाबांनी दोनदा वाढून घेतला.

रँडलला फोन करून सांगितलं की अजून ठरत नाही. म्हणाला, ठेव आणखी थोडे दिवस. दांड्यांवरून मन उडालंय, पण एवढा अभ्यास दाखवल्यावर आता माघार कशी घ्यायची?

मंगळवार, २० मे

आज अक्षर वाईट येतंय.

कामावरून आले तर मिस्टर एस्टिल यांच्या आवारात एक अनोळखी ट्रक होता. पायरीवर एक वयस्कर माणूस बसला होता. एवढ्या उकाड्यात काळा कोट. दाढी करताना गाल कापलेला. चेहरा हुबेहूब मिस्टर एस्टिल यांचा, फक्त रुंद. मी ओळखलं, हे त्यांचे भाऊ मिस्टर हॉबर्ट. पलीकडच्या काउंटीत राहतात. त्यांच्या आईच्या दफनाच्या दिवशी दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. कशावरून, ते आता दोघांनाही सांगता येणार नाही, असं बाबा म्हणतात.

"तू डेन्झिलची पोर," ते म्हणाले. "हे तू कापलंस?"

"हो."

"छान कापलंस. त्या दोन चकत्या सोडल्या तर." मग गवताकडे बघत म्हणाले, "नोव्हा म्हणाली, शेवटी तुझा बाप जवळ होता."

"कशाच्या शेवटी?" मी विचारलं.

त्यांनी ऐकलंच नाही. "माझ्याबद्दल काही बोलला का तो? खरं सांग. शिवी दिली असेल तरी सांग. मी येणार होतो गं. प्रत्येक नाताळला म्हणायचो, या वर्षी जाऊ. आधी त्याने फोन करावा, एवढंच होतं मनात. लहानपणी एका गादीवर झोपायचो आम्ही. माझ्या वाटची चादर ओढून घ्यायचा, हलकट." आणि ते रडायला लागले. तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसे.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. टोपी काढणारा ट्रकवाला. हळू आवाजातल्या बायका. बाबा म्हाताऱ्यावर बसून कुणाकुणाच्या घरी जायचे ते. आणि मी मिस नोव्हांना दिलेलं एकेक उत्तर.

"मिस्टर हॉबर्ट," मी म्हटलं, "ते जिवंत आहेत. खुब्याचं हाड मोडलंय फक्त. गेला तो आमचा मोअर होता."

रडणं थांबलं. "काय होता?"

"मोअर. बाबा त्याला म्हातारा म्हणतात."

त्यांचा चेहरा कानापासून लाल होत गेला. तो लाल रंग बघणं आजच्या दिवसातलं सगळ्यात कठीण होतं. मी रडले असते तर बरं झालं असतं, निदान दोघं सारखे झालो असतो. ते उठले, कोट झटकला.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "आणि मी इथे बसून..." मग माझ्याकडे बोट रोखलं. "हे त्याला कळता कामा नये. मी आलो होतो, हे. शब्द दे."

मी शब्द दिला. ते ट्रकमध्ये बसले आणि गेले.

बुधवार, २१ मे

आईबाबांना सगळं सांगितलं. ॲपल पायसकट. आई आधी हसली, मग मिस्टर हॉबर्ट यांचं ऐकल्यावर हसायची थांबली. शब्द मिस्टर एस्टिल यांना कळू न देण्याचा होता, म्हणून घरात सांगितलं, पण घरातच राहू द्या म्हटलं.

बाबा एवढंच म्हणाले, "मयताचं गवत कापतात, हे तुला ठाऊक होतं ना?"

"हो. पण ते पुरुष करतात. सगळे मिळून."

"आजारी माणसाचं गवत विचारून कापायचं असतं, पोरी. न विचारता कापलं की त्याचा अर्थ एकच."

एवढं साधं. त्यांना आधी विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

मग बटाटे दुसऱ्या डब्यात काढून, भांडं धुऊन मिस नोव्हांकडे घेऊन गेले. त्या दारातच खुर्चीवर बसल्या. "अगं, मी प्रार्थनेत नाव घेतलं त्याचं! पास्टरांनी फुलं सांगितली! आणि तू मला म्हणालीस थंडीत त्रास द्यायचा, मला वाटलं सांधे!" मग पुढे म्हणाल्या, "मनाने वाईट नव्हता म्हणाले ना मी? ते मागे घेते. त्याने माझ्या मांजरावर बूट फेकला होता."

मी बटाट्यांचं सांगू लागले, तर म्हणाल्या, "खाऊन टाका. गरीब समजून नव्हते आणले, वेडे. असं कसं वाटलं तुला?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, पण ते मी त्यांना दिलं नाही आणि इथेही लिहवत नाही.

शनिवार, २४ मे

बाबांबरोबर पुनर्वसन केंद्रात गेले. मिस्टर एस्टिल यांना कुणीतरी फोनवर सांगितलंच होतं. आम्हाला बघताच ओरडले, "आली! मला मारणारी आली! ए डेन्झिल, माझ्या मयताचा ॲपल पाय म्हणे तू खाल्लास?"

"दोन तुकडे," बाबा म्हणाले.

"कसा होता?"

"साखर कमी होती."

"तरीच नोव्हाचा."

मी माफी मागितली. पाठ करून गेले होते, तरी मध्येच विसरले. त्यांनी हात झटकला. "ते राहू दे. मला हे सांग, कोण कोण आलं?"

माणसाला हे विचारावंसं वाटणारच. मी नावं सांगितली. चर्चमधल्या बायका, पास्टरांची फुलं, टोपी काढणारा ट्रकवाला. त्यांना ट्रकवाल्याचं फार आवडलं. मग पांघरुणाची कड नीट करत म्हणाले, "हॉबर्टला कळलं असेल का गं?"

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"नाही" म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. "हो" म्हटलं असतं तर शब्द मोडला असता. मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही, मिस्टर एस्टिल."

"सांगता येत नाही," ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "सांगता येत नाही." आम्ही निघालो तेव्हा ते भिंतीकडे बघत होते.

गाडीत बाबांना विचारलं, मी शब्द मोडला का? ते म्हणाले, "मोडला नाहीस. वाकवलास." खोटं बोलले नाही याचा मला अभिमान वाटायला हवा होता. पण मला माहीत होतं की ते वाक्य ऐकून त्यांना सगळं कळणार. माहीत असूनच बोलले. साळसूद दिसायचं होतं मला, एवढंच.

गुरुवार, २९ मे

आज बाबांना घेऊन रँडलकडे, मोअर परत द्यायला. दुकानात बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "सांभाळा रे, गवत वाढलं असेल तर घरी जा, नाहीतर ही येऊन पुरून टाकेल!" सगळे हसले. रँडल म्हणाला, "लॅनी, या यंत्राला आता गिऱ्हाईक नाही. ज्याला त्याला विचारतो तर म्हणतो, एस्टिलला मारलं तेच ना?"

मी म्हटलं, "मी घेते ते."

परत द्यायला आले होते, पण हे ऐकून बेत बदलला. नुकसान माझ्यामुळे झालं, म्हणून मीच ते घ्यायचं. रँडल कागद काढायला गेला.

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. दुकानात ते टोपी नेहमी हातात धरतात. "थांब," ते म्हणाले. "लाजेपोटी घेतलेल्या यंत्रावर मी जन्मभर बसायचं का?"

"मग काय करू?"

"मला विचार."

सगळे ऐकत होते. रँडल कागद घेऊन उभा होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कुठला हवा?"

"चाकवाला. मला हातात धरायला काहीतरी लागतं. त्या दांड्यांची मला भीती वाटते."

"आधी का नाही बोललात?"

"तू इतकं वाचलं होतंस," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्या अडाणीपणामुळे पोरीला खाली बघायला नको."

ते माझ्यासाठी गप्प राहिले आणि मी माझ्यासाठी. रँडलने चाकवाल्याची किल्ली काढून दिली, ती मी घेतली नाही. बाबांकडे बोट दाखवलं.

शनिवार, १४ जून

मिस्टर एस्टिल बुधवारी घरी आले. चार पायांच्या काठीचा आधार घेऊन चालतात. आल्या आल्या बाबा कुंपणाशी गेले आणि रीतसर विचारलं, "एस्टिल, कापून देऊ का?" ते म्हणाले, "नको. लोकांना मी पुन्हा मेलो असं वाटायला नको. वाढू दे."

मी आज फुलांच्या वाफ्यातलं तण काढत होते, म्हणून मला दिसलं. मिस्टर हॉबर्ट यांचा ट्रक आला. मागे ट्रेलर, त्यावर लाल मोअर. त्यांनी फळ्या लावून तो खाली उतरवला. आज कोट नव्हता, कामाचे कपडे होते. मिस्टर एस्टिल पडवीत खुर्चीवर होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल, मला ते दिसलं नाही. मिस्टर हॉबर्ट यांनी विचारलं नाही आणि मिस्टर एस्टिल यांनी नको म्हटलं नाही. मोअर सुरू झाला.

रस्त्याकडची बाजू कापली, मग घराभोवतीची, मग ओढ्याकडचा उतार. मी पाडलेल्या त्या चकत्यांना मिस्टर हॉबर्ट वळसा घालून गेले, तेव्हा मी मान खाली घातली. मिस नोव्हा म्हणतात, तुझ्या चुकीतून बघ किती चांगलं निघालं. मला तसं म्हणवत नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मी पायरीवर बसवून रडवलं. ते आज आले ते स्वतःहून आले.

सगळं कापून झालं. मिस्टर हॉबर्ट यांनी यंत्र ट्रेलरकडे वळवलं. पडवीत मिस्टर एस्टिल काठी धरून उठू लागले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग इंजिनाच्या वरताण ओरडले,

"हॉबर्ट! तिकडे राहिलं!"

काठीने एकही काडी न राहिलेल्या कोपऱ्याकडे दाखवत होते. मी कुंपणाला लागूनच होते, मला नीट दिसत होतं. तिथे काहीही राहिलं नव्हतं.

मिस्टर हॉबर्ट यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग मोअर वळवला आणि तो कोपरा पुन्हा, सावकाश, कापला.